फरशीचा कौल

कौलसभेबद्दल निमशेतकरांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, पण त्या घरात बसून, दार लावून करायच्या. सभागृहाच्या पायरीशी आले की सगळे मुकाट्याने चपला काढत. काही म्हातारी माणसं तर आत पाऊल टाकताना फरशीला हात लावून तो कपाळाला नेत. हेमांगीने चपला काढल्या, नभाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खांद्यावरची पिशवी पुन्हा एकदा चाचपली. डायपर, पाणी, नाचणीची पेज, ताप आलाच तर औषध. सगळं होतं. तरी काहीतरी राहिलंय असं तिला वाटतच राहिलं. एकदा दार लागलं की तीन तास उघडणार नव्हतं, आणि मधेच जो बाहेर जाईल त्याचं मतही बाहेर जाणार होतं.

आधी असं नव्हतं. नगरसेवकाचा उमेदवार पक्षाने वरून लादायचा नाही, प्रभागातल्या लोकांनी निवडायचा, असा नियम झाला तेव्हा पहिल्या दोन खेपा साध्या मतदानाने पार पडल्या. शाळेत जायचं, पडद्यामागे बटण दाबायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत घरी. मग कुणा विद्वानांना वाटलं की लोक फार सहज बटण दाबतात. शेजाऱ्याशी बोलत नाहीत, फोनवर दिसेल त्याला भुलतात. म्हणून कौलसभा आली. सगळ्यांनी एका छताखाली जमायचं, आपल्या उमेदवाराच्या बाजूला उभं राहायचं, एकमेकांना पटवायचं आणि पटलं तर बाजू बदलायची. ऐकायला झकास. पण ज्याच्या दुकानावर दुसरं माणूस नाही, ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय, त्याने काय करायचं? आणि घरमालकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या विरुद्ध बाजूला उभं कसं राहायचं? हेमांगीचा नवरा निनाद पवनचक्क्यांच्या डागडुजीसाठी डोंगरात होता. त्याचं मत असंच गेलं होतं.

तिचं मात्र जाऊन चालणार नव्हतं. मंडईच्या तळमजल्यावर पालिकेचं पाळणाघर होतं. सकाळी नभाला तिथे सोडायचं आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामावर जायचं, या एका दोरीवर तिचं सगळं घर टांगलेलं होतं. विक्रांत ढमाले निवडून आले तर त्या जागेत गाड्यांचं चार्जिंग केंद्र होणार होतं. त्यांनी तसं जाहीरच केलं होतं. त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या भोईटे सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या शकुंतलाबाई, पाळणाघर ठेवणार होत्या. दुसरं पाळणाघर नदीपलीकडे, आणि तिथे जागा नाही. या प्रभागात पक्षाचा उमेदवार कधी पडत नसे, म्हणजे नोकरी राहणार की जाणार, ते आज या फरशीवर ठरणार होतं.

फरशीची तिला भीती नव्हती. ती बनवली होती वृंदाने. वृंदा तांबट, कॉलेजच्या हॉस्टेलमधली तिची रूममेट. एका ताटात जेवलेल्या दोघी. आजही वृंदा वरच्या काचेच्या खोलीत यंत्रासमोर बसली होती. हेमांगीने खालून हात केला. वृंदाने पाहिलं, पण हात वर करायला तिला जरा उशीर झाला.

फरशीमागचं शास्त्र हेमांगीला पाठ होतं, कारण ते तिने वृंदाच्या तोंडून, चहा गार होईपर्यंत ऐकलं होतं. माणूस कधीच स्थिर उभा राहत नाही. आपल्याला वाटतं आपण खांबासारखे उभे आहोत, पण शरीराचा भार तळपायांखाली सारखा फिरत असतो. टाचेकडून चवड्याकडे, डाव्या पायावरून उजव्यावर, डोळ्याला दिसणार नाही इतका. कान, डोळे आणि सांधे जे सांगतात त्यावरून मेंदू क्षणोक्षणी तोल सावरत असतो. तोच मेंदू दोन पर्यायांच्या कात्रीत सापडला की सावरणं ढिलं पडतं आणि भार इकडून तिकडे झुलायला लागतो. हे तोलाचा अभ्यास करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. वृंदाने फरशीखाली केसासारखे बारीक दाबतंतू अंथरले आणि शेकडो माणसांचे तळवे एकाच वेळी वाचता येतील असं केलं. अनवाणी पावलं जास्त नीट वाचता येत, आणि अनवाणी व्हायला इथे कुणाला सांगावं लागत नाही. ज्याचा भार शांत तो ठाम, त्याचं मत पूर्ण. ज्याचा भार झुलता तो दोलायमान, त्याचं मत अर्धं. आज एक आणि उद्या दुसरं म्हणणाऱ्याला पुरतं का मोजायचं, असा त्यामागचा विचार.

पहिल्या फेरीची घंटा झाली. भोईटे सिस्टरांच्या बाजूला गर्दी जास्त होती, त्यात लहान मुलांच्या आया पुष्कळ, ते कुणीही दारातून बघून सांगितलं असतं. सिस्टर स्वतः मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कुणाच्या तरी पोराची नाडी बघत होत्या. पण भिंतीवरच्या पडद्यावर दोन पट्ट्या उमटल्या तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली. ढमाल्यांची पट्टी जवळजवळ सगळी हिरवी होती. सिस्टरांची निम्म्याहून जास्त पिवळी, म्हणजे दोलायमान. एवढी माणसं असून त्या मागे होत्या.

आणि मग ढमाल्यांचे पटवणारे आले. ते गर्दीत फिरत नव्हते. हातातल्या फोनकडे बघत सरळ एकेकीसमोर येऊन उभे राहत होते. हेमांगीसमोर आले ते मोघेकाका, तिच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून ते लिफ्टमधल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत असे, आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नसे.

"वहिनी, तुमचं अजून ठरत नाहीये म्हणे," ते मऊ आवाजात म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"फरशी म्हणते." त्यांनी फोनवरचा पिवळा ठिपका तिला दाखवला. "मी कुठे काय म्हणतोय?"

हेमांगीने सांगितलं की तिचं पाळणाघराची बातमी आली त्याच दिवशी ठरलंय. त्यावर काकांनी मान डोलावली, जशी आजाऱ्याच्या बडबडीवर डोलवतात. माणसाला स्वतःचं मन सगळ्यात शेवटी कळतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी चार्जिंग केंद्रामुळे येणारे धंदे सांगितले, लहान मूल आईपाशीच बरं हे सांगितलं, त्यांच्या सुनेने नोकरी सोडली आणि ती किती सुखात आहे तेही सांगितलं. नभाने त्यांचा चष्मा ओढला. काका हसले, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू झाले.

बोलता बोलता हेमांगीच्या मनात एक नको ते शिरलं. यंत्र खोटं बोलत नाही. वृंदाचं तर नाहीच. मग आपल्याच आत कुठेतरी असं आहे का, की नोकरी सुटली तर बरं? रोज सकाळी नभा रडते तेव्हा पोटात जे तुटतं, ते खाली तळव्यांपर्यंत उतरतं की काय? रात्रभर जागून ठरवलेल्या गोष्टीची तिला एकाएकी खात्री वाटेना. आणि खात्री वाटेना म्हणून ठिपका आणखी पिवळा झाला असेल, अशीही भीती वाटली.

काका एकदाचे पुढच्या बाईकडे गेले. नभाला पेज भरवायची वेळ झाली होती, पण सभागृहात बसायला बाक नव्हता, बसलं तर मत धरत नव्हते. तिच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या नफीसाभाभी शेजारीच उभ्या होत्या. "दे इकडं," म्हणत त्यांनी नभाला घेतलं. हेमांगीने पिशवीतून वाटी काढली, चमचा शोधायला खाली वाकली आणि वर बघते तो थांबली.

नभा भाभींकडे होती. भाभींचा स्वतःचा मुलगा त्यांच्या नणंदेकडे होता. नणंद झुलत होती, भाभी झुलत होत्या, त्यांच्या मागे पेठेतली एक जुळ्यांची आई झुलत होती. ते ठीक, त्यांच्याकडे पोरं होती. पण पलीकडे एक बाई हात बांधून उभी होती, तिचं मूल आजीच्या कुशीत झोपलेलं, आणि तीसुद्धा झुलत होती. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. अख्खी रांग धक्क्याला बांधलेल्या होड्यांसारखी हलत होती आणि एकीलाही त्याचा पत्ता नव्हता. हेमांगीने आपल्या पायांकडे पाहिलं. हात मोकळे होते. हातात फक्त वाटी होती. आणि ती त्या वाटीला झोपवत होती.

तिला आधी हसू आलं. आपलं ठरलेलंच होतं. पाय फक्त पोरीला निजवत होते. मग ते हसू वाटेतच आटलं, कारण तिला वृंदाची प्रयोगशाळा आठवली.

नभा तीन महिन्यांची असताना वृंदाने विचारलं होतं, बाळंतिणींच्या पाठदुखीवर काम करतेय, येशील का? हेमांगी गेली. दर आठवड्याला, दोन बसेस बदलून, वर्षभर. मूल घेऊन उभी राहा, मूल ठेवून उभी राहा, आता या प्रश्नाचं उत्तर दे. एकदा हेमांगीचे हात मोकळे असताना वृंदा मोठ्याने हसली होती आणि म्हणाली होती की अगं, पोरगी तिकडे पाळण्यात आहे आणि तू इकडे अजून झुलतेयस.

म्हणजे वृंदाला माहीत होतं.

दुसरी फेरी चालू असताना फरशी सोडायला मनाई नव्हती, सभागृह सोडायला होती. नभाला भाभींकडेच ठेवून हेमांगी लोखंडी जिना चढून काचेच्या खोलीशी गेली. वृंदाने दार किलकिलं केलं.

"आया ठाम असल्या तरी झुलतात," हेमांगी म्हणाली. "हे तुला माझ्यावरून कळलं. मग आम्ही पिवळ्या का?"

वृंदा खोटं बोलली नाही, हे तिचं पूर्वीपासूनचं होतं. तिने सांगितलं की झुलण्याची वजावट, म्हणजे आयांचं झुलणं मोजमापातून वगळायची सोय, तिने बसवली होती. मूल कडेवर असतानाची वेगळी आणि हात मोकळे असतानाची वेगळी. दोन्ही चोख चालत होत्या. पण सभेच्या नियम समितीत ढमाल्यांची माणसं जास्त. ती म्हणाली, एका गटाला खास सवलत देता येणार नाही. वजावट बंद ठेवली तरच फरशी घेऊ. चार वर्षांचं काम होतं. वृंदाने सही केली.

"आणि पाठदुखी?"

"ते मागे पडलं गं."

हेमांगी दारातून हलली नाही. वृंदा न विचारताच पुढे बोलली. "मला वाटलं फरक पडणार नाही. तान्हं मूल घेऊन तीन तास उभं राहायला येतं कोण? तुम्ही येणारच नाही असं धरलं होतं आम्ही."

"तुम्ही?" हेमांगीने विचारलं.

वृंदाने यंत्राकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली की एकटीपुरती वजावट चालू करता येते, कुणाला दिसणार नाही, हेमाचा ठिपका ती हिरवा करून देईल. हेमांगी जिना उतरली. जिच्याकडे तिने आईला न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या होत्या, तिने तिचं उभं राहणंसुद्धा टिपून ठेवलं होतं आणि वेळ आल्यावर तिच्याच विरुद्ध मोजलं होतं.

खाली येऊन तिने भाभींना सगळं सांगितलं. भाभींनी नणंदेला, नणंदेने पेठेतल्या बाईला. बायकांनी निश्चल उभं राहून पाहिलं. जमेना. पाय रोवले की गुडघे कापत, श्वास धरला की पोरं रडत, आणि पोर रडलं की अंग आपोआप हलायला लागे. जन्मभराची नव्हे, वर्षा-दोन वर्षांचीच सवय, पण हाडांत गेलेली.

"मग त्यांना पण नाचवू या की," भाभी म्हणाल्या. त्या मोघेकाकांकडे बघत होत्या.

निमशेतमध्ये कुणी पुढे केलेलं मूल कुणी नाकारत नाही. कितीही मोठा माणूस असो, हात आपोआप पुढे येतात. तिसऱ्या फेरीच्या तोंडावर बायका दोन बाजूंमधली रेघ ओलांडून ढमाल्यांच्या बाजूला गेल्या. काका, जरा धरता का, पदर सोडवायचाय. भाऊ, दोन मिनिटं, डोळ्यात काही गेलंय. मामा, तुमच्याकडेच हसतंय बघा, घ्या. हेमांगीने नभाला मोघेकाकांच्या हातात दिलं. परक्याकडे गेली म्हणून नभाने ओठ काढले, आणि काकांनी काय करावं? कुणाही माणसाने केलं असतं तेच. डावा पाय, उजवा पाय. "उगी उगी, आमची बाय ती." शेजारी ढमाल्यांचे मेव्हणे जुळ्यातलं एक घेऊन झुलत होते. त्यांच्या मागे जिमवाला, त्याच्या मागे वकील. पोरं देऊन बायका आपल्या बाजूला परतल्या.

पडद्यावर ढमाल्यांची हिरवी पट्टी खालून वर पिवळी होत गेली. सभागृहात हशा पिकला. दोन्हीकडची मतं अर्धी म्हटल्यावर शेवटी डोकी जास्त कुणाची यावर येणार होतं. सिस्टर नाडी सोडून पुढे आल्या.

ढमाल्यांचा माणूस सभाध्यक्षांकडे धावला. अध्यक्षांनी वर काचेकडे पाहून बोटाने खूण केली. हेमांगीही वर बघत होती. वृंदा उभी होती. तिने एकदा खाली पाहिलं, हेमांगीकडे, नक्की तिच्याकडेच. मग तिचा हात पुढे गेला.

अध्यक्षांनी कर्ण्यावरून जाहीर केलं की तांत्रिक अडचण दूर झालेली आहे, मूल कडेवर असलेल्यांच्या हालचालीची योग्य ती वजावट आता होत आहे. त्यासरशी ढमाल्यांची पट्टी भराभर हिरवी झाली. पोरं पुरुषांच्या कडेवर होती. बायकांचे हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांची वजावट कुणी चालू केली नव्हती. बायका आपापल्या पोरांकडे धावायच्या आत शेवटची घंटा झाली. घंटेनंतर हललेलं धरत नाहीत.

ढमाले निवडले गेले. फेटे आले, पेढे आले. मोघेकाकांनी नभाला परत आणून दिलं आणि मनापासून सांगितलं की पोरगी गुणाची आहे, जराही त्रास दिला नाही. काकांना काय झालं ते कळलेलंच नव्हतं. नभाला मांडीवर घेऊन हेमांगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि गार झालेली पेज भरवू लागली. उद्या प्रयोगशाळेत काय सांगायचं याचा विचार तिला करता येत नव्हता. डोक्यात फक्त काचेमागे पुढे झालेला तो हात होता.

लोक दाराकडे सरकत असताना वृंदा खाली आली. तिच्या हातात आवाज नोंदवणारं एक छोटं यंत्र होतं. सवयीने तिने नभाला घ्यायला हात पुढे केले. हेमांगीने पोरीचं तोंड पुसलं आणि तिला खांद्याशी धरलं. हात तसेच मागे गेले.

वृंदा भरभर बोलू लागली. घाई होती, वरून दबाव होता, हेमाने समजून घ्यावं. आणि आणखी एक. ती वजावट संशोधनासाठी घेतलेल्या नोंदींतून बनली होती, आणि शरीराच्या नोंदी निवडणुकीत वापरायच्या तर कायद्याने त्या माणसाचा होकार लागतो, तोही निकालावर सही व्हायच्या आत. बाकीच्या बायका एक-दोनदा येऊन थांबल्या होत्या, त्यांच्या नोंदी कामाला आल्या नव्हत्या. वर्षभर आली होती ती हेमा एकटी. म्हणजे होकार एकटीचाच हवा होता. यंत्रात एक वाक्य बोलायचं, बस्स.

"नभाची काळजी करू नकोस," वृंदा म्हणाली. "आमच्या संस्थेचं पाळणाघर आहे. एसी आहे, डॉक्टर येतात. उद्यापासून तिची जागा पक्की. मी शब्द देते."

हेमांगीने आता प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. उद्यापासून. नोकरी राहणार होती, नदी ओलांडावी लागणार नव्हती, निनादला फोन करून रडावं लागणार नव्हतं. जे मागायला ती सकाळी अनवाणी आत आली होती, ते समोर होतं. फक्त तिच्यापुरतं. दाराशी भाभी एका हाताने मुलाला सावरत, दुसऱ्या हाताने नणंदेचे डोळे पुसत उभ्या होत्या. नणंद शिवणकामाला जायची. तिचं मूल त्याच पाळणाघरात होतं.

"आणि नाही म्हटलं तर?"

वृंदाचा आवाज खाली गेला. "तर शेवटची फेरी रद्द. फरशीचं मोजमाप धरता येत नसेल तर नियमात एवढंच लिहिलंय की डोकी मोजायची. पण हेमा, तसं झालं तर फरशी गेली. माझं सगळंच गेलं. तुझ्या पायांवर उभं आहे गं ते."

"माझ्या पायांवर," हेमांगी म्हणाली. "मला न विचारता."

"आता विचारतेय ना."

वृंदाने यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं. त्यावरचा लाल दिवा लागला. हेमांगी उठून उभी राहिली, कारण अशी गोष्ट बसून बोलू नये असं तिला वाटलं. तिने आपलं नाव सांगितलं, प्रभाग सांगितला आणि तिचा होकार नाही असं सांगितलं. शब्द सगळे नीट उमटले. नभा यंत्राला हात लावायला झेपावली, तिला तिने मागे ओढलं.

वृंदा दिवा विझेपर्यंत थांबली. मग एवढंच म्हणाली, "आता अध्यक्षांना सांगावं लागेल."

"सांग," हेमांगी म्हणाली. "सगळे अजून इथेच आहेत."

आणि वृंदा निघते की नाही हे बघायला न थांबता ती दाराकडे गेली, भाभींना आत बोलवायला.